इंजिन बदलण्याआधी ते कशाने झिजलं ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वीस टनी ट्रॅकवाली पोकलेन, अवर मीटर अकरा हजारांच्या पुढे. मशीन उभी असते तुर्भ्याला, काम पनवेल बाजूच्या दगडखाणीवर आणि मधूनमधून पायाखोदाईवर. दम राहिलेला नाही, निळसर धूर येतो, ऑइल रोज भरावं लागतं. मिस्त्री म्हणतो इंजिन बांधून घ्या. एक व्यापारी जास्त एचपीचं सेकंडहँड इंजिन बसवून द्यायला तयार आहे. घरचे म्हणतात, कर्ज काढा पण नवीन मशीन घ्या. नव्या इंजिनांतल्या डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणारा युरियाचा द्रव) आणि धुराच्या फिल्टरची तुम्हाला धास्ती वाटते, म्हणून निर्णय होत नाही.

कळव्यापासून उरणपर्यंतच्या पट्ट्यात मशीनवरची इंजिनं बघण्यातच माझी नोकरी आणि नंतरचा धंदा गेला. त्या अनुभवावरून सांगतो: बहुधा तुमचं काम ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे इंजिन बांधून घेण्यात, भागेल. जास्त एचपीचं इंजिन बसवू नका. पण या तिन्हींपैकी काहीही करण्याआधी हे इंजिन कशाने झिजलं ते शोधून काढा. ते न शोधता नवीन इंजिन बसवलंत तर तेही त्याच मार्गाने जाईल. नवीन पद्धतीचं इंजिन असेल तर लवकर जाईल आणि खर्चही कितीतरी जास्त होईल.

आधी खात्री करा की दोष इंजिनातच आहे. ‘मशीनला दम नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा हायड्रॉलिक पंप दोषी असतो आणि इंजिन नाहक खोललं जातं. मशीन नीट गरम होऊ द्या, पॉवर मोडवर ठेवा, फुल थ्रॉटल द्या. मग ऑपरेटरला बकेट आणि आर्म शेवटपर्यंत ओढून रिलीफवर, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा वाल्व उघडेपर्यंत, धरायला सांगा आणि आरपीएम बघा. आरपीएम कंपनीच्या आकड्याच्या आसपास टिकतोय आणि तरीही बूम हळू उचलतोय, स्विंग ढिला आहे, तर पंप, रेग्युलेटर किंवा वाल्व बघा. आरपीएम धाडकन खाली येतोय, इंजिन घुसमटतंय आणि काळा धूर टाकतंय, तर इंजिनाला हवा किंवा डिझेल कमी पडतंय.

इथेही लगेच हेड खोलायला जाऊ नका. डिझेल फिल्टर कधी बदलला? टाकीच्या तोंडची आणि फीड पंपाची जाळी साफ आहे का? थ्रॉटल पूर्ण उघडतोय का? टर्बोपासून इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज कुठे फाटलाय का, त्याचा क्लॅम्प सुटलाय का? फाटक्या होजमधून हवा निसटली की इंजिन काळा धूर टाकतं आणि ताकद जाते. होज चारशे-पाचशे रुपयांचा असो की चार-पाच हजारांचा, ओव्हरहॉलपुढे तो काहीच नाही.

तुमच्याकडे धूर निळसर आहे आणि ऑइल कमी होतंय, म्हणजे ऑइल जळतंय. पण ते पिस्टनच्या रिंगांवरूनच येतंय असं नाही. टर्बोचा सील गेला तरी येतं, वाल्व गाइड झिजले तरी येतं, ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट, चोंदला तरी येतं. टर्बोचा हवेकडचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघा. पातं हाउसिंगला टेकत असेल तर टर्बो गेलाय. पाइपात ऑइलचं थारोळं असेल तर तिथून सुरुवात करा. हे सगळं ठीक असेल तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांवरून खाली निसटणारा वायू, मोजा. ऑइल भरायचं झाकण उघडून ‘वाफ किती येते’ ते बघणं हा अंदाज झाला. ब्रीदरच्या नळीला मीटर किंवा मॅनोमीटर लावून, इंजिन लोडवर असताना मोजलेला आकडा हा पुरावा. तो कंपनीच्या मर्यादेच्या वर असेल तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, यात शंका उरत नाही.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी. ऑइल काढून टाकण्याआधी, इंजिन गरम असताना, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने स्वच्छ बाटलीत नमुना घ्या आणि प्रयोगशाळेत पाठवा. मोठ्या ऑइल कंपन्या आणि इंजिन कंपन्यांचे डीलर ही सोय देतात. अहवालात सिलिकॉन वाढलेलं आणि त्याच्यासोबत अ‍ॅल्युमिनियम, लोखंड, क्रोमियमही वाढलेलं असेल तर धूळ आत गेली आहे आणि तिने रिंगा आणि बोअर खाल्लेत. सोडियम-पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट ऑइलमध्ये येतंय. डिझेलचं प्रमाण दिसलं आणि ऑइल पातळ झालेलं असेल तर डिझेल फवारणारे नोझल टपकतायत. शिसं आणि तांबं वाढलं असेल तर बेअरिंगकडे बघा. एक सावधगिरी मात्र ठेवा. नुकतंच इंजिन खोलून सिलिकॉन सीलंट लावलेलं असेल तर त्यानेही सिलिकॉनचा आकडा चढतो. म्हणून तो आकडा एकटा वाचायचा नाही, त्याच्या शेजारचे धातू बघायचे.

तुमची मशीन खाणीवर चालते. त्यामुळे अहवाल येण्याआधीच माझा संशय धुळीवर आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

हिशेब करून बघा. या वर्गातल्या बऱ्याच पोकलेनवर असतं तसं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला चाललं, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे ५९०० लिटर हवा ओढेल. टर्बोमुळे बाहेरच्या हवेच्या मापाने ती दहा हजार लिटरच्या पुढे जाते. दहा तासांच्या पाळीत सहा हजार घनमीटर. खाणीतल्या हवेत जी धूळ असते ती आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. त्यातली खनिजं बोअरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. डोळ्यांना दिसणारी जाडी धूळ फारसा घात करत नाही, ती फिल्टरच्या डब्यातच खाली बसते. घात करते ती पाच ते वीस मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून ती किती बारीक असते ते कळेल. रिंग आणि बोअरमधल्या ऑइलच्या थरात ती शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

मग फिल्टर असताना ही धूळ आत जाते कशी? कागदातून फारच कमी जाते. जाते ती कागदाला वळसा घालून. फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या पाइपला पडलेली चीर, सैल क्लॅम्प, फिल्टरच्या तोंडाचं दबलेलं रबर, चुकीच्या मापाचा डुप्लिकेट फिल्टर, या त्या वाटा. डब्याच्या खाली धूळ टाकणारं रबरी चोचीसारखं वाल्व असतं. ते फाटलं किंवा कुणी काढून टाकलं तर तिथून उलटी हवा ओढली जाते आणि डब्यात धूळ वेगळी करण्याची सगळी व्यवस्था कोलमडते. किमतीने किरकोळ म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. मी मात्र साइटवर गेलो की पहिला हात तिथेच घालतो.

दुसरं कारण म्हणजे रोज फिल्टरला हवा मारणं. ऑपरेटरला वाटतं तो काळजी घेतोय. प्रत्यक्षात कागदावर धुळीचा पातळ थर बसला की फिल्टर जास्त बारीक धूळ अडवतो. रोज तो थर उडवला जातो, शिवाय कॉम्प्रेसरच्या सात-आठ बारच्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर टायरवर आपटला तर त्याची कड वाकते आणि मग तो डब्यात नीट बसतच नाही. उघडायची वेळ ठरवायला इंडिकेटर असतो. तो लाल झाला की फिल्टर काढा, एरवी हात लावू नका. साफ करायचाच असेल तर दोन बारच्या आत, आतून बाहेर, नोझल लांब धरून. मग अंधारात आत दिवा घालून बघा. प्रकाशाचा एक ठिपका जरी दिसला तरी फेका. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो. तो फक्त बदलायचा.

धूळ आत जातेय की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. ते स्वच्छ निघालं पाहिजे. टर्बोच्या हवेकडच्या पात्यांची पुढची कड बघा. ती खरखरीत किंवा गोल झालेली असेल तर धूळ बराच काळ जातेय. शिळफाट्याजवळच्या एका साइटवर एका मालकाने थोड्या काळात दोनदा इंजिन बांधलं होतं आणि दोन्ही वेळा दोष मिस्त्रीला आणि पिस्टनच्या कंपनीला दिला होता. पाइपाच्या खालच्या बाजूला, ब्रॅकेटवर घासून पडलेली बोटभर चीर होती. वरून बघणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. दोन्ही ओव्हरहॉलमध्ये तोच पाइप पुन्हा बसवला गेला होता.

धुळीनंतर डिझेल. २०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं, गंधकाचं प्रमाण दहा पीपीएमपर्यंत. पंपावरचं डिझेल आता चांगलं असतं. ते बिघडतं पंप ते मशीनच्या टाकीच्या प्रवासात. साइटवर उभं ठेवलेलं बॅरल पावसात भिजलं की झाकणाभोवती पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री थंड होतं आणि आतली हवा आकसताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढून घेतं. बूच घट्ट असलं तरीही. म्हणून बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, आणि वर छप्पर असू द्या. भरलेलं बॅरल एक दिवस स्थिर ठेवून मगच वापरा आणि तळाचं डिझेल ओढू नका. हातपंपाला पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. मशीनची टाकी संध्याकाळी भरा, म्हणजे रात्री रिकाम्या जागेत दव धरणार नाही. सकाळी सुरू करण्याआधी सेपरेटरचं पाणी काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचं काम समजा. पाणी साचून राहिलं की त्यात शेवाळासारखी बुरशी धरते आणि फिल्टर काळ्या चिखलाने चोंदतात.

हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ किंवा ‘इंडस्ट्रियल ऑइल’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते घेऊ नका. तुमच्या जुन्या मेकॅनिकल पंपाने ते काही काळ सोसलं असेल. कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, इंजिन सोसणार नाही. तिथे रेलमधला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात आणि पंपाला वंगणही डिझेलचंच मिळतं. एक खराब बॅरल इंजेक्टरचा अख्खा सेट घेऊन जाऊ शकतं.

कूलंटबद्दल थोडक्यात. ‘इथे कुठे बर्फ पडतो’ हे कारण मी अगणित वेळा ऐकलंय. कूलंट फक्त गोठण्याविरुद्ध नसतं. त्याने उकळबिंदू वाढतो आणि गंज थांबतो. ज्या इंजिनात वेट लायनर (बाहेरून कूलंट लागणाऱ्या, बदलता येणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) आहेत तिथे पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक बुडबुडे धरून फुटतात आणि भिंतीला भोकं पाडतात. त्याला अडवणारा थर कूलंटमधली रसायनंच देतात. खाडीकाठच्या बोअरवेलचं पाणी तर रेडिएटरमध्ये घालूच नका. ते खारट असतं, क्षार साचून पाणी फिरायच्या वाटा बंद होतात. कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळा किंवा तयार मिश्रणच घ्या. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्या मधली जागा मात्र दर आठवड्याला बघा. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि मध्ये धूळ-ऑइलचा गालिचा तयार झालेला असतो.

आता ओव्हरहॉल. आधी तुमचं इंजिन कोणत्या बांधणीचं आहे ते विचारा. कमिन्सच्या बी मालिकेच्या ५.९ लिटर इंजिनात लायनर नसतो, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. तिथे बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात किंवा स्लीव्ह बसवावी लागते, म्हणजे ब्लॉक खाली उतरवून चांगल्या मशीन शॉपमध्ये न्यावा लागतो. वेट लायनरच्या इंजिनात लायनर-पिस्टनचा किट बदलता येतो, पण लायनर ब्लॉकच्या वर किती उंच बसला ते डायल गेजने मोजल्याशिवाय हेड चढवू देऊ नका. हेड गॅस्केट पुन्हापुन्हा जाण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

वागळे इस्टेट, रबाळे या भागांत चांगलं काम करणारी मशीन शॉप आहेत. तिथे जाऊन स्वतः विचारा की होनिंगनंतर (बोअर दगडाने घासून मापात आणल्यावर) ब्लॉक कशाने धुतात. होनिंगच्या दगडाची भुकटी बोअरमध्ये राहिली तर नव्या रिंगा पहिल्याच दिवसापासून झिजतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसणं, हे जो करतो त्याच्याकडे काम द्या. डिझेलने धुवून चालत नाही. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने वापरायचे का, हे कंपनीच्या पुस्तकात बघा, मिस्त्रीच्या सवयीवर सोडू नका. ऑइल कूलर आणि इंटरकूलर आतून साफ करा, कारण जुन्या इंजिनाचा कचरा तिथे साचलेला असतो. नोझल आणि पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करा. हवेचे सगळे पाइप आणि क्लॅम्प नवे टाका. खर्च वाचवायला लोक नेमकं हेच शेवटचं टाळतात.

बांधून झाल्यावर इंजिन तासन्‌तास आयडलवर ‘रवां’ करू नका. रिंगा बसायला मागून दाब लागतो, आणि तो लोडशिवाय येत नाही. नुसतं आयडलवर चालवलं की बोअरवर चकाकी धरते आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं. तापमान आलं की मध्यम लोडवर कामाला लावा, पूर्ण लोड लगेच देऊ नका, आणि पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला.

व्यापाऱ्याच्या जास्त एचपीच्या इंजिनाला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणतोय? तुमच्या मशीनचा हायड्रॉलिक पंप ठरावीक टॉर्कच घेणार, तो तसाच सेट केलेला असतो. इंजिन मोठं बसवलं म्हणून बकेट जास्त जोरात खणणार नाही. रेडिएटर आणि पंखा जुन्या इंजिनाच्या उष्णतेच्या हिशेबाने दिलेला आहे. मे महिन्यात खाणीत दुपारी पहिला प्रश्न तिथेच येईल. इंजिन-पंपाची कपलिंग, माउंटिंग, थ्रॉटलची वायरिंग, सगळ्यांत जुगाड करावा लागेल. आणि ते इंजिन ट्रकचं असेल तर प्रकार आणखी वेगळा. त्याच ब्लॉकचं इंजिन ट्रकमध्ये जास्त एचपीला विकलं जातं, कारण ट्रक पूर्ण ताकद चढावर काही मिनिटं वापरतो आणि धावताना समोरून वाराही मिळतो. पोकलेन तासन्‌तास लोडवर असते आणि जागेवर उभी असते. ट्रकचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, सपाट रस्त्यासाठी असतो. खाणीच्या उतारावर मशीन तिरकी उभी राहिली की ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. सेकंडहँड इंजिनाला नवा रंग असतो, पण त्याचा इतिहास कुणाकडेच नसतो. घ्यायचंच झालं तर तेच मॉडेल, तेच रेटिंग घ्या आणि सम्प खोलून बेअरिंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नवीन मशीनबद्दल. कायदा आधी समजून घ्या, कारण इथे बाजारात गोंधळ आहे. बांधकाम यंत्रांच्या वाहनांसाठी स्टेज ४ हे प्रदूषण नियम १ एप्रिल २०२१ पासून आले आणि स्टेज ५ हे १ जानेवारी २०२५ पासून. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतली अशा वाहनाची व्याख्या रबरी टायर, रबरी पॅड किंवा स्टीलच्या ड्रमवर चालणाऱ्या यंत्रांची आहे. म्हणजे बॅकहो लोडर, हायड्रा, ग्रेडर, रोलर यांना हे टप्पे सरळ लागू होतात, तर लोखंडी ट्रॅकवाली पोकलेन त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे विक्रेत्याने ‘नवीन मशीन’ म्हटलं तरी इंजिन कोणत्या टप्प्याचं आहे हे लेखी मागा. टायरवाल्या मशीनला आरसी असते, तिच्या इंजिनात बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची वाट धरावी लागते, हेही लक्षात असू द्या.

बॅकहो लोडर बहुतेक ७४ एचपीच्या आसपासच का असतात, हेही यातूनच कळेल. ७४ एचपी म्हणजे ५५ किलोवॅट. ५६ किलोवॅटपासून पुढे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.४ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास इतकी कडक होते आणि तिथे डीईएफ वापरून ते ऑक्साइड तोडणारी एससीआर यंत्रणा जवळजवळ अपरिहार्य होते. त्याच्या खाली डीईएफशिवाय भागतं. स्टेज ५ मध्ये मात्र धुरातल्या कणांचं वजनच नाही, त्यांची संख्याही मोजली जाते. म्हणून १९ किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, येतोच.

याची धास्ती घेऊ नका. वागणूक मात्र बदलावी लागेल. डीपीएफमध्ये साचलेली काजळी एक्झॉस्टच्या उष्णतेने जळून जाते. मशीन कामात असेल तर हे आपोआप होतं. ती आयडलवर उभी राहिली तर एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी साचते, मग दिवा लागतो आणि पार्क करून रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळण्याचं काम, करावं लागतं. आपल्याकडे डंपरची वाट बघत ऑपरेटर एसी लावून केबिनमध्ये बसतो, मशीन आयडलवर. त्याला मी दोष देत नाही, मे महिन्यात त्या काचेच्या केबिनमध्ये एसीशिवाय बसवत नाही. उपाय मालकाच्या हातात आहे. डंपरच्या फेऱ्या नीट लावा आणि ऑपरेटरला बसायला सावली द्या. वीस टनी मशीन आयडलवर तासाला तीन-एक लिटर डिझेल जाळते, तेही वाचेल. रीजनरेशन चालू असताना मशीन बंद करायची नाही, हे मात्र ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगा. डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, एपीआय सीके-४ किंवा कंपनी सांगेल ते. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा लागतो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. खताच्या दुकानातला युरिया पाण्यात कालवून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला मशीनजवळ फिरकू देऊ नका. आपल्याकडचा अनुदानित युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी असतात. एससीआरचा कॅटॅलिस्ट त्याने कायमचा खराब होतो. आणि तो युरिया शेतकऱ्याच्या हक्काचा, तो असा वापरणं गुन्हाही आहे. डीईएफचे कॅन पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवू नका. तीस अंशांच्या आत तो वर्षभर टिकतो, पस्तीस अंशांना निम्माच, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. सेन्सर फसवणारा एमुलेटर बसवून देणारे कळंबोलीत काय, कुठेही भेटतील. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर तुमचाच ऑपरेटर आणि हेल्पर दिवसभर ओढतात.

पैशाचा हिशेब असा करा. मशीन वर्षाला दोन हजार तास, तासाला बारा लिटर, डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं तर वर्षाचं डिझेल साडेएकवीस लाखांच्या घरात जातं. नवीन मशीनने त्यात दहा टक्के वाचवले तर सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर. ते हप्त्याच्या व्याजाशी ताडून बघा. तुमच्या मशीनचा ट्रॅक, बूमच्या पिना, स्विंग बेअरिंग आणि हायड्रॉलिक पंप चांगल्या अवस्थेत असतील तर ओव्हरहॉल करा आणि आणखी काही वर्षं काढा. अंडरकॅरेज (ट्रॅक आणि त्याचे रोलर) आणि पंप दोन्ही संपत आले असतील तर नुसतं इंजिन बांधण्यात पैसे घालू नका. ती मशीन विकून नवीनकडे जा, पण साइटवर डिझेल साठवायची पद्धत आधी सुधारा.

आत्ता लगेच करायचं म्हणजे पुढचं ऑइल बदलण्याआधी नमुना घ्या, फिल्टरनंतरच्या पाइपात फडकं फिरवा आणि रिलीफवर आरपीएम लिहून ठेवा. तो अहवाल, आरपीएमचा आकडा आणि इंजिनाच्या प्लेटचा फोटो पाठवलात तर ब्लॉक बोअरचा की लायनरचा आणि किट कोणता घ्यायचा, ते नेमकं सांगता येईल.